'कंट्री गार्डन्स' : इंग्लंडच्या मॉरिस नृत्यातली ही प्रसिद्ध चाल नेमकी आली कुठून?

पाश्चात्त्य पियानो शिकायला सुरुवात केलेल्या मुलांच्या पुस्तकात एक चाल बऱ्याचदा सापडते. नाव 'कंट्री गार्डन्स'. उड्या मारत चालणारी, दोनदा ऐकली की दिवसभर डोक्यातून न जाणारी. यूट्यूबवर शोधलंत तर ती पियानोवर सापडेल, लष्करी बँडवर सापडेल, आणि पांढऱ्या कपड्यांतले, पायात घुंगरू बांधून हातरुमाल उडवत नाचणारे इंग्लिश पुरुषही तिच्यावर नाचताना दिसतील.

या व्हिडिओंखाली तिची माहिती साधारण एका ओळीत दिलेली असते : 'पारंपरिक इंग्लिश चाल, रचनाकार अज्ञात.' पियानोच्या छापील प्रतीवर मात्र पर्सी ग्रेंजर हे नाव ठळक असतं. काही ठिकाणी सेसिल शार्प हे नाव दिसतं. आणि फार थोड्या ठिकाणी विल्यम किंबर नावाच्या एका गवंड्याचा उल्लेख येतो.

मग चाल कुणाची? परंपरेची, संगीतकाराची, संकलकाची, की गवंड्याची? या प्रश्नाचा माग काढत गेलं, की 'परंपरा' हा शब्द आपण किती सहज वापरतो आणि त्यामागे किती माणसं झाकली जातात, हे कळतं.

आधी मॉरिस नृत्य म्हणजे काय ते पाहू

मॉरिस हे इंग्लंडमधलं समूहनृत्य. त्याचे प्रांताप्रांतांनुसार वेगवेगळे प्रकार आहेत. 'कंट्री गार्डन्स' ज्या प्रकारातली आहे तो कॉट्सवोल्ड मॉरिस, म्हणजे ऑक्सफर्डशायर, ग्लॉस्टरशायर आणि आसपासच्या गावांतला. यात सहसा सहा नर्तक असतात, तीन-तीनच्या दोन रांगांत समोरासमोर उभे. गुडघ्याखाली घुंगरांचे पट्टे, हातात रुमाल किंवा लाकडी काठ्या. सोबत एक वादक आणि बऱ्याच गावांत एक विदूषक.

नाचायचा मुख्य काळ व्हिटसनचा. ईस्टरनंतर सातव्या रविवारी हा सण येतो, म्हणजे साधारण मे-जून. त्या आठवड्यात गावचा संघ आपल्या आणि शेजारच्या गावांत फिरायचा, नाचायचा आणि पैसे गोळा करायचा. शेतमजूर, गवंडी, वीटभट्टीवरचे कामगार अशा माणसांसाठी ही वरकमाई होती.

'मॉरिस' या नावाचा संबंध 'मूरिश', म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांशी जोडला जातो. पंधराव्या शतकात युरोपच्या दरबारांत अशा नावाचे नाच लोकप्रिय होते. इंग्लंडमधली सर्वांत जुनी लेखी नोंद १४४८ ची आहे. लंडनमधल्या सोनारांच्या संघाने मॉरिस नर्तकांना सात शिलिंग दिल्याची ती हिशेबातली नोंद. म्हणजे कागदावर हा नाच पहिल्यांदा दिसतो तो शहरात, एका श्रीमंत व्यापारी संघाच्या मेजवानीच्या खर्चात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे याच नाचाला 'खेड्यातल्या मातीतून उगवलेला' अशी ओळख मिळाली.

१८९९ चा बॉक्सिंग डे : जी गोष्ट सगळे सांगतात

इंग्लिश लोकसंगीताच्या इतिहासात एक तारीख हमखास येते. २६ डिसेंबर १८९९.

सेसिल शार्प हे लंडनमधले संगीतशिक्षक. वय चाळीस. नाताळच्या सुट्टीत ते ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन इथे सासूबाईंच्या घरी आले होते. त्या दिवशी खिडकीबाहेर घुंगरांचा आवाज आला. पांढरे कपडे घातलेले काही पुरुष घरासमोर नाचत होते आणि एक सत्तावीस वर्षांचा तरुण कॉन्सर्टिना वाजवत होता. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरून दाबायचं-ओढायचं, भात्याचं छोटं वाद्य.

तो तरुण म्हणजे विल्यम किंबर. हेडिंग्टन क्वारी गावचा, पेशाने गवंडी. खरं तर मॉरिस नाचायचे हे दिवस नव्हेत. पण त्या वर्षी थंडी इतकी कडाक्याची होती की बांधकामं बंद पडली होती आणि हातात काम नव्हतं. चार पैसे मिळावेत म्हणून संघ अवेळी बाहेर पडला होता.

शार्प यांना ती धून अडवून राहिली. त्यांनी किंबरला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि त्याच्याकडून पाच चाली लिहून घेतल्या. त्या पाचांत 'कंट्री गार्डन्स' नव्हती. ती शार्प यांना किंबरकडूनच मिळाली, पण नंतरच्या काळात. १९०७ मध्ये शार्प आणि हर्बर्ट मॅकिल्वेन यांनी 'द मॉरिस बुक' हे पुस्तक काढलं, त्यात ती नाचाच्या कृतीसकट आली.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली, की चित्र असं उभं राहतं : एका खेड्यात शतकानुशतकं न तुटता चालत आलेली परंपरा आणि ती योगायोगाने शहरातल्या अभ्यासकाच्या कानी पडते. गोष्ट छान आहे. पण अर्धीच आहे.

शार्प पोचण्याआधीच कुणीतरी येऊन गेलं होतं

हेडिंग्टन क्वारीचा संघ १८८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला होता. किंबरचे वडीलही त्या संघात होते. नाचणारे म्हातारे झाले आणि तरुणांना रस उरला नाही.

हा संघ पुन्हा उभा राहिला तो पर्सी मॅनिंग यांच्यामुळे. ऑक्सफर्डमधले हे हौशी पुरातत्त्व अभ्यासक आसपासच्या गावांतल्या जुन्या चालीरीतींची माहिती आणि वस्तू गोळा करत होते. त्यांनी जमवलेल्या मॉरिसच्या वस्तू आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. त्यांच्याच पुढाकाराने हेडिंग्टनच्या नर्तकांना पुन्हा एकत्र आणलं गेलं आणि मार्च १८९९ मध्ये ऑक्सफर्डच्या कॉर्न एक्स्चेंज सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला.

म्हणजे डिसेंबरमध्ये शार्प यांनी खिडकीतून जे पाहिलं, ते जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी नव्याने सुरू झालेलं होतं. नाच खोटा होता असं नाही. नर्तक तिथलेच, चाली वडीलधाऱ्यांकडून आलेल्या. पण 'अखंड परंपरा' म्हणून जे सांगितलं जातं, ते एकदा तुटून पुन्हा जोडलेलं होतं, आणि जोडणाऱ्या हातांत शहरातला एक सुशिक्षित हातही होता.

आता आणखी मागे : १७२८, लंडनची जत्रा

'कंट्री गार्डन्स'च्या मुळाचा माग हेडिंग्टनला थांबत नाही. किंबरच्या जन्माच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी ही चाल छापील स्वरूपात सापडते, आणि तीही खेड्यातल्या नाचात नव्हे, तर लंडनच्या रंगमंचावर.

१७२८ च्या जानेवारीत लंडनमध्ये जॉन गे यांचं 'द बेगर्स ऑपेरा' हे नाटक आलं आणि तुफान चाललं. पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले. त्यातली युक्ती साधी होती. लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली घ्यायच्या आणि त्यांवर नवे, बोचरे शब्द बसवायचे. चोर, दरोडेखोर, तुरुंगाधिकारी ही पात्रं, आणि टोला मात्र सत्ताधाऱ्यांना. अशा नाटकांना 'बॅलड ऑपेरा' म्हणतात. छापील पुस्तकात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर मूळ चालीचं नाव दिलेलं असायचं. जुन्या मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या वर 'चाल : अमुक तमुक' असं छापलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही पद्धत लगेच समजेल.

या नाटकात मॅकहीथ या दरोडेखोर नायकाचं काम करणारा नट होता थॉमस वॉकर. यशाची चव चाखल्यावर त्याने त्याच वर्षी स्वतःचं एक नाटक आणलं : 'द क्वेकर्स ऑपेरा'. त्याचा विषय होता जॅक शेपर्ड, तुरुंगातून वारंवार निसटून लंडनभर गाजलेला आणि १७२४ मध्ये फासावर गेलेला चोर. नाटक झालं लंडनच्या स्मिथफील्डमध्ये भरणाऱ्या बार्थोलोम्यू जत्रेत, तंबूवजा मंडपात.

या नाटकात एक गाणं ज्या चालीवर आहे, तिचं नाव 'द कंट्री गार्डन'. हीच ती चाल. आजवर माहीत असलेली तिची ही सर्वांत जुनी छापील नोंद मानली जाते.

या नोंदीचा अर्थ मात्र नीट लावायला हवा. १७२८ मध्ये चाल छापली गेली याचा अर्थ ती १७२८ मध्ये रचली गेली असा होत नाही. उलटच आहे. बॅलड ऑपेरात चाल घेतली जायची ती लोकांना आधीपासून माहीत असायची म्हणून. जत्रेतल्या गर्दीला नुसत्या नावावरून जी ओळखू यावी, ती चाल त्याआधी काही काळ गल्लीबोळांत फिरत असलीच पाहिजे. पण ती एखाद्या गवयाने रचली, नाटकवाल्याने की रस्त्यावर गाणी विकणाऱ्याने, याचा कागद उरलेला नाही.

म्हणजे 'सर्वांत जुनी नोंद' आणि 'उगम' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोशल मीडियावरच्या माहितीत या दोन्ही सर्रास एक केल्या जातात.

टोपी फिरवणाऱ्या पाद्र्याचं गाणं

अठराव्या शतकात या चालीला आणखी एक मोठं घर मिळालं. 'द व्हिकर ऑफ ब्रे' हे उपरोधिक गाणं.

ब्रे हे थेम्स नदीकाठचं बर्कशायरमधलं गाव. तिथल्या एका पाद्र्याची गोष्ट सतराव्या शतकातच म्हणीसारखी प्रसिद्ध होती. १६६२ मध्ये छापल्या गेलेल्या थॉमस फुलर यांच्या ग्रंथात ती येते. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ अशा चार राजवटींत देशाचा अधिकृत धर्मपंथ कॅथलिक ते प्रॉटेस्टंट असा इकडून तिकडे झाला, आणि हा पाद्री प्रत्येक वेळी नव्या राजाच्या पंथाचा झाला. तत्त्व एकच : काहीही होवो, ब्रेचा पाद्री मीच राहणार.

गाण्यात हाच पाद्री पुढच्या काळात आणून ठेवला आहे. दुसऱ्या चार्ल्सपासून पहिल्या जॉर्जपर्यंत राजे बदलतात, आणि प्रत्येक कडव्यात पाद्री नव्याने निष्ठा बदलतो. वाऱ्याची दिशा बघून पाठ फिरवणाऱ्या माणसाला इंग्रजीत आजही 'व्हिकर ऑफ ब्रे' म्हणतात.

हे गाणं सुरुवातीला दुसऱ्याच एका चालीवर छापलं गेलं होतं. नंतर ते 'द कंट्री गार्डन'च्या चालीवर बसलं, आणि इतकं घट्ट बसलं की पुढे अनेकांना ही चाल 'व्हिकर ऑफ ब्रे'चीच म्हणून माहीत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात विल्यम चॅपेल यांनी जुन्या इंग्लिश गाण्यांचा मोठा संग्रह काढला, त्यात त्यांनी या दोन नावांमधला धागा नोंदवून ठेवला.

एकाच चालीवर जत्रेतलं चोराचं नाटक, राजकीय उपहासाचं गाणं आणि पुढे सणाचा नाच. चालीला शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं. ज्याला उपयोगी पडेल त्याने ती उचलली.

मग ती नाचात कशी आली?

लंडनच्या रंगमंचावरची धून हेडिंग्टनच्या गवंड्याच्या बोटांत कशी पोचली, याचा टप्प्याटप्प्याचा दाखला नाही. पण त्या काळात धुनी प्रवास कसा करत, हे चांगलं माहीत आहे.

एक वाट छापील कागदाची. गाण्यांचे स्वस्त एकपानी कागद जत्रांत आणि बाजारांत विकले जात, फेरीवाले ते गावोगाव नेत. त्यांवर शब्द असत आणि बहुधा चालीचं नुसतं नाव. चाल ऐकवायची ती विकणाऱ्याने, गाऊन.

दुसरी वाट वादकांची. गावातले व्हायोलिनवादक चर्चमध्ये, लग्नात, खानावळीत आणि नाचात वाजवत. त्यांतले अनेक जण चाली वहीत लिहून ठेवत. कवी जॉन क्लेअर हा शेतमजुराचा मुलगा होता आणि व्हायोलिन वाजवायचा. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चालींच्या वह्या आजही आहेत. म्हणजे 'खेड्यातलं संगीत केवळ कानावरून कानावर गेलं' हे पूर्ण खरं नाही. लिहिणं आणि ऐकणं दोन्ही शेजारी शेजारी चालू होतं.

तिसरी वाट नाचाची गरज. मॉरिसच्या संघांना चाली लागायच्या, आणि नवी लोकप्रिय धून मिळाली की तिच्यावर पावलं बसवली जायची. कॉट्सवोल्ड मॉरिसच्या अनेक चाली अशाच नाटकांतून, लोकप्रिय गाण्यांतून आणि छापील नृत्यपुस्तकांतून आलेल्या आहेत.

पण नाचात आल्यावर चाल तशीच राहत नाही. गाणाऱ्याला श्वासाला जागा हवी असते, नाचणाऱ्याला उडीला. उंच उडी मारणारा माणूस खाली यायला जो वेळ लागतो, तेवढा सूर वादकाला धरून ठेवावा लागतो. घुंगरांचा ठोका जिथे पडतो, तिथे वजन द्यावं लागतं.

वाद्यानेही चाल बदलते. पूर्वी मॉरिससाठी एका हातात बासरी आणि दुसऱ्या हाताने छोटा ढोल असा एकच वादक दोन्ही वाजवायचा. मग व्हायोलिन आलं. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात तयार होणारी कॉन्सर्टिना आली. किंबर जी वाजवायचा त्या अँग्लो प्रकारात एकाच बटणातून दोन सूर निघतात : भाता दाबताना एक, ओढताना दुसरा. त्यामुळे चाल वाजवताना भात्याची दिशा सारखी बदलावी लागते आणि सुरांना आपोआप एक झटका, एक उसळी मिळते. नाचाला नेमकी तीच हवी असते. १९४० च्या दशकात किंबरचं वादन ध्वनिमुद्रित झालं. त्यात हे स्वच्छ ऐकू येतं.

म्हणून शार्प यांनी किंबरकडून जी लिहून घेतली ती १७२८ ची चाल जशीच्या तशी नव्हती. तिच्यात हेडिंग्टनच्या नर्तकांची पावलं, किंबरच्या वडिलांच्या पिढीची आठवण आणि स्वतः किंबरची बोटं मिसळलेली होती. रचनाकार अज्ञात असेल. पण तिला आजचं रूप देणाऱ्यांपैकी किमान एकाचं नाव, गाव आणि धंदा सगळं माहीत होतं.

सलगमाची बाग आणि पियानोची कमाई

'कंट्री गार्डन्स' जगभर गेली ती मात्र पर्सी ग्रेंजर यांच्यामुळे. १८८२ मध्ये मेलबर्नला जन्मलेले ग्रेंजर नावाजलेले पियानोवादक आणि लोकसंगीताचे मोठे चाहते. १९०८ च्या सुमारास शार्प यांच्या संग्रहातली ही चाल त्यांच्या हाती आली आणि त्यांनी तिचा कच्चा आराखडा केला.

पहिल्या महायुद्धात ग्रेंजर अमेरिकेत होते आणि १९१७ मध्ये तिथल्या लष्करी बँडमध्ये दाखल झाले. युद्धासाठी पैसा उभारणाऱ्या कार्यक्रमांत ते पियानोवर ही चाल खुलवून वाजवत. १९१८ मध्ये त्यांनी ती पक्की लिहून काढली आणि आईला वाढदिवसाची भेट म्हणून अर्पण केली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या शर्मर या प्रकाशनाने ती छापली आणि ती धडाक्यात खपली. ज्या घरात पियानो, त्या घरात 'कंट्री गार्डन्स' असा तो काळ होता.

ग्रेंजर यांना पुढे याचाच वैताग आला. त्यांनी स्वतःच्या कितीतरी मोठ्या रचना केल्या होत्या, पण लोकांना हवी असायची हीच. इंग्लंडच्या खेड्यातली बाग म्हणजे फुलांचा ताटवा नव्हे, तिथे भाजीपाला लावतात, तेव्हा हे ऐकताना सलगम डोळ्यांसमोर आणा, अशी कोटी ते श्रोत्यांसमोर करत असं सांगितलं जातं. १९५० च्या सुमारास प्रसिद्ध वाद्यवृंद संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्यासाठी त्यांनी हिची नवी मांडणी केली, तीत मुद्दाम कर्कश, चुकल्यासारखे वाटणारे सूर पेरले.

फुलं मात्र चालीला चिकटलीच. अमेरिकन गायक जिमी रॉजर्स यांचं 'इंग्लिश कंट्री गार्डन' हे गाणं याच चालीवर आहे, आणि त्यात फुला-पाखरांची यादीच आहे. १९६२ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. आज अनेकांना ते फार जुनं लोकगीत वाटतं. प्रत्यक्षात शब्द विसाव्या शतकातले आहेत.

श्रेय कुणाला मिळालं?

इथे मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. ग्रेंजर यांच्या छापील प्रतीवर शीर्षकाखाली लिहिलं होतं : इंग्लिश मॉरिस नृत्याची चाल, संकलन सेसिल शार्प, पियानोसाठी मांडणी पर्सी ग्रेंजर. ज्याने ती वाजवून दाखवली त्या गवंड्याचं नाव त्या ओळीत नव्हतं.

यात कुणी चोरी केली असं म्हणता येत नाही. ग्रेंजर यांनी शार्प यांचं नाव दिलं. शार्प यांनी आपल्या पुस्तकात नाच कुठल्या गावचे हे सांगितलं. पण प्रत्येक टप्प्यावर एक नाव गळत गेलं. चाल पारंपरिक ठरली की तिच्यावर कुणाचीच मालकी नसते, आणि तिची नवी मांडणी मात्र ती करणाऱ्याच्या मालकीची होते. त्यामुळे 'परंपरा' हा शब्द लागला की पैसा आणि नाव दोन्ही कागदावर उतरवणाऱ्याकडे जातं, वाजवणाऱ्याकडे नाही.

गळालेलं नाव एकट्या किंबरचं नाही. मॉरिस पुन्हा लोकांत नेण्यात मेरी नील यांचा मोठा वाटा होता. लंडनमध्ये शिवणकाम करणाऱ्या कष्टकरी मुलींसाठी त्या 'एस्पेरान्स क्लब' चालवत. १९०५ मध्ये मुलींसाठी गाणी आणि नाच हवेत म्हणून त्या शार्प यांच्याकडे गेल्या. शार्प यांनी किंबरचं नाव सुचवलं. नील यांनी किंबरला गाठलं, आणि किंबर व त्याचा एक चुलत भाऊ लंडनला येऊन मुलींना नाच शिकवू लागले. 'द मॉरिस बुक' निघालं ते या मुलींनी नाच लोकप्रिय केल्यानंतर.

पुढे शार्प आणि नील यांचं बिनसलं. शार्प यांना पावलं काटेकोर, ठरलेल्या पद्धतीनेच हवी होती. नील यांना नाचातला जोम आणि आनंद महत्त्वाचा वाटे. वादात शार्प यांची बाजू वरचढ ठरली, संस्था त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि नील यांचं काम कित्येक दशकं मागे पडलं. पुरुषांचा म्हणून ओळखला जाणारा हा नाच नव्या शतकात पुन्हा उभा राहिला तो शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या पायांवर, हे फार उशिरा सांगितलं जाऊ लागलं.

किंबरला नंतर मान मिळाला. शार्प यांच्याबद्दल तो शेवटपर्यंत आदराने बोलला. शार्प १९२४ मध्ये गेले. लंडनमध्ये त्यांच्या नावाने 'सेसिल शार्प हाउस' उभं राहायचं होतं, तेव्हा १९२९ मध्ये त्याची कोनशिला बसवली ती किंबरने. गवंड्याने आपल्या हातांनी दगड बसवला, आणि इमारतीवर नाव लागलं त्याच्या चाली लिहून घेणाऱ्याचं.

२६ डिसेंबर १९६१ रोजी, त्या पहिल्या भेटीला बरोबर बासष्ट वर्षं झाली त्या दिवशी, किंबर गेला. हेडिंग्टन क्वारीच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्या दगडावर कॉन्सर्टिना आणि घुंगरांचे पट्टे कोरलेले आहेत.

'हजारो वर्षांपूर्वीची' या दाव्याचं काय?

मॉरिसविषयी ऑनलाइन हमखास दिसणारा एक दावा असा : हा ख्रिस्ती धर्माच्या आधीचा, सुगीसाठी केला जाणारा प्राचीन विधी आहे. याला लेखी आधार नाही. १४४८ च्या आधीचा इंग्लंडमधला दाखला सापडलेला नाही, आणि जे जुने दाखले आहेत ते दरबार, व्यापारी संघ आणि चर्चच्या उत्सवांचे आहेत.

हा दावा पसरवण्यात शार्प यांचाही हात आहे. १९०७ च्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी मूरिश उगमाची बाजू घेतली होती. १९१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी मत बदललं आणि हा प्राचीन विधींचा अवशेष असल्याचं मांडलं. जेम्स फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथामुळे त्या काळात प्रत्येक लोकाचारामागे आदिम विधी शोधण्याची लाटच होती. सिद्धान्त जुना झाला, अभ्यासकांनी तो बाजूला ठेवला, पण गोष्ट म्हणून तो आकर्षक असल्यामुळे पोस्टमागून पोस्ट फिरत राहिला.

थोडक्यात, मूळ कुठलं?

'कंट्री गार्डन्स'चा उगम कुठला, या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेत.

• चाल पहिल्यांदा कागदावर कधी दिसते? १७२८, लंडन, 'द क्वेकर्स ऑपेरा'.

• मॉरिसची चाल म्हणून ती आपल्यापर्यंत कुणाकडून आली? हेडिंग्टन क्वारीच्या विल्यम किंबरकडून, सेसिल शार्प यांच्या लेखणीतून.

• जगभर कुणी पोचवली? पर्सी ग्रेंजर यांनी, पियानोवरून.

१९५४ मध्ये लोकसंगीताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लोकसंगीताची एक व्याख्या केली. तिचे तीन निकष होते : चाल पिढ्यांना जोडत राहणं, वाजवणाऱ्यागणिक बदलणं, आणि समाजाने त्यातलं काय ठेवायचं ते निवडणं. यात 'कुणीच रचलेली नसावी' अशी अट नाही. नाटकातून आलेली चालही लोकांनी आपलीशी करून बदलली की लोकसंगीत होते. या व्याख्येत 'कंट्री गार्डन्स' सहज बसते.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या व्हिडिओखाली 'पारंपरिक, रचनाकार अज्ञात' असं दिसलं, तर ते चूक आहे असं नाही. पण रचणारा अज्ञात असला तरी ती जपणारे, शिकवणारे आणि वाजवून दाखवणारे सगळेच अज्ञात नसतात. 'कंट्री गार्डन्स'च्या बाबतीत तर तिचा वादक १९६१ पर्यंत हेडिंग्टनमध्येच होता. त्याचं नाव त्या ओळीत लिहायला कुणाची हरकत नव्हती.